भाच्याचं रॅप चर्चमधे चालेल का? (देव, दारू आणि हिप-हॉप)

मोसंबीवाला
नमस्कार मंडळी. चार वर्षं इथं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही जालना जिल्ह्यातले, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. पणजोबा बेथेलचे, म्हणजे रेव्ह. नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेल्या गावचे. माझा भाचा तेवीस वर्षांचा. आयटीआय करून वाळूजला कंपनीत लागला. रूमवर बियरनं सुरुवात झाली, मग देशी, शेवटी शेवटी बटन. संभाजीनगरकरांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी: झोपेच्या-गुंगीच्या गोळ्या, चिठ्ठीशिवाय मिळू नयेत अशा, पण मिळतात. ताईनं भिशीचे पैसे उचलून त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. आज एकशे छप्पन दिवस झाले. तो दिवस मोजतो, म्हणून मीही मोजतो.

केंद्रात शेजारच्या कॉटवरच्या पोरानं त्याला एनएफ नावाच्या अमेरिकन रॅपरची गाणी ऐकवली. तेव्हापासून हा शंभर पानी वहीत मराठीत रॅप लिहायलाय. आमच्या चर्चमधे पुढच्या महिन्यात तरुणांचा रविवार आहे, तिथं म्हणायचं ठरवलं. पंच कमिटीनं आधी फोनवर ऐकवायला सांगितलं. मला वाटलं बीटवर अडतील. सेक्रेटरी म्हणाले, "बीट चालंल हो, ढोलकी चालतीच की. ह्या चार ओळी तेवढ्या काढा."

त्या ओळी ह्या (त्याला विचारून देतोय; पाळक म्हणजे आमच्या चर्चचे धर्मगुरू):

खिशात चाळीस, पावलं आपसूक गुत्त्याकडं
ओठांवर प्रार्थना, डोळे पत्र्याच्या खोपट्याकडं
पाळक म्हणतो सुटलास तू, आई म्हणते सुटलास तू
घसा म्हणतो अजून थोडी... देवा, इथंच बस तू

त्यांचं म्हणणं, साक्ष (म्हणजे देवानं आपल्याला कसं बदललं ते मंडळीपुढं उठून सांगणं) द्यायची तर "सुटलो" म्हणून द्यावी. हा तर म्हणतोय सुटलोच नाही, मग बाकीच्या पोरांनी काय घ्यायचं? भाचा म्हणतो, ओळी काढायच्या तर गाणंच नको.

कोण बरोबर? आणि असली गाणी बाहेर खरंच असतात का? माझी धाव उपासना संगीत (आमचं चर्चच्या गीतांचं पुस्तक) आणि आनंद शिंदे यांच्यापुढं नाही.

भरारी पथक
मी पैला. आता वाचून येतो.

भरारी पथक
वाचलं. चाळीस रुपयात आजकाल काय येतं? पोरगं खरंच सुटलेलं दिसतंय, भाव माहीत नाही त्याला.

बूमबॅप भौ
@मोसंबीवाला, योग्य दारात आलात. मी संभाजीनगरचा, वीस वर्षं हेच ऐकतोय.

अमेरिकेत ह्याला ख्रिश्चन हिप-हॉप म्हणतात आणि ते काही कालचं खूळ नाही. हिप-हॉपचा जन्म १९७३ चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. १९८५ मधे ओक्लाहोमाच्या स्टीफन वायलीनं 'बायबल ब्रेक' नावाची कॅसेट काढली. ख्रिस्ती रॅपचा पहिला पूर्ण अल्बम म्हणून तिचं नाव घेतात. आज ऐकली तर शाळेच्या गॅदरिंगसारखी वाटते, पण सुरुवात ती.

ह्यातला आजचा मोठा गडी म्हणजे लक्रे. ह्यूस्टनचा, जन्म १९७९. तरुणपणी नशा केलेली, सगळं पाहिलेलं. २००४ मधे मित्राबरोबर रीच रेकॉर्ड्स काढलं. त्याच्या 'ग्रॅव्हिटी'ला २०१३ मधे सर्वोत्तम गॉस्पेल (ख्रिस्ती भक्तिगीतं) अल्बमचं ग्रॅमी मिळालं. त्या विभागात रॅपवाल्याला ते पहिल्यांदाच मिळत होतं. पुढच्या वर्षी 'अ‍ॅनॉमली' आला, तो गॉस्पेलच्या यादीत आणि बिलबोर्डच्या (अमेरिकेतल्या गाण्यांच्या खपाच्या) मुख्य यादीत एकाच वेळी पहिला! ह्यांच्या टोळक्याचं नाव '११६', म्हणजे बायबलमधलं रोमकरांस पत्र १:१६, "मला सुवार्तेची लाज वाटत नाही".

आता तुमच्या भाच्याचा एनएफ. नेथन फॉयरस्टीन, मिशिगनमधल्या ग्लॅडविन ह्या लहान गावचा. आई गोळ्यांच्या ओव्हरडोसनं गेली. २०१६ च्या 'थेरपी सेशन' अल्बममधे आईवरचं गाणं आहे. मी ते सिडको बसस्टँडवर ऐकलं आणि चष्मा पुसायचं नाटक करत बसलो. २०१७ चा 'परसेप्शन' बिलबोर्डवर पहिला गेला. गंमत म्हणजे तो स्वतः "ख्रिस्ती रॅपर" हे लेबल लावून घेत नाही. माणूस ख्रिस्ती आहे, रॅप करतो, एवढंच त्याचं म्हणणं. गाण्यात देवाचं नाव थोडं, डोक्यातला गोंधळ जास्त. तुमच्या सेक्रेटरींनी त्यालाही चार ओळी काढायला लावल्या असत्या. खरं तर चाळीस.

गोदाकाठ
संगीताला विरोध नाही, पण स्पष्ट बोलतो. व्यसनी पोरांना धरायचं आणि धर्म गळ्यात मारायचा, हा प्रकार ह्यात नाही ना?

पाळकांची लेक
@गोदाकाठ, धागा नीट वाचा. पोरगा चार पिढ्यांचा ख्रिस्ती आहे, त्याच्या गळ्यात काय मारायचंय?

उलट तुमच्या शंकेपेक्षा अवघड गोष्ट आमच्या घरातली आहे. माझे वडील छत्तीस वर्षं पाळक होते. साक्षीची सभा असली की माणसं उठायची. मी प्यायचो, मारायचो, अमुक तारखेला प्रभूनं हात धरला, त्या दिवसापासून थेंब नाही. मंडळी म्हणायची हालेलुया. त्यातले किती जण पुढच्या पगाराला परत गेले ते आम्हा पोरांना माहीत असायचं, कारण त्यांच्या बायका रात्री आमच्याच दारात यायच्या. पण परत गेलेला माणूस दुसऱ्यांदा कधी उठला नाही. त्याची जागा बदलायची. पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर, मग दाराजवळ, मग दिसायचाच नाही.

सेक्रेटरी वाईट नसतील. त्यांना साक्षीचा एकच साचा माहीत आहे.

नाथषष्ठी
हे फक्त चर्चमधेच होतं असं नाही हां ताई. आमच्याकडं माळ घालतात. पैठणला षष्ठीला जायचं, नाथांच्या पायाशी माळ घालायची, दारू-मटण बंद. माझ्या चुलत्यानं तीनदा घातली. टिकली की गाव पाया पडतं. तुटली की तेच गाव विचारतं, "काय माळकरी, गोठ्यात ठेवली का माळ?" मधलं काही नाहीच. "माळ गळ्यात आहे आन् मन गुत्त्यात आहे" असं म्हणायची सोय कुणालाच नाही.

आणि रॅपचं म्हणाल तर नाथांची भारुडं काय वेगळी आहेत? पैठणचा ब्राह्मण, सोळावं शतक, आणि गाण्यात बोलतात कोण, तर जोशी, गोंधळी, वासुदेव, आंधळा, पांगळा. बाजारातली भाषा, ठेका पक्का, अर्धं गाणं अर्धं बोलणं. ऐकणारा आधी हसतो आणि घरी जाताना गप्प होतो.

भरारी पथक
नाथ = मराठवाड्याचे पहिले एमसी (रॅपर). +१

बूमबॅप भौ
@नाथषष्ठी, हे लई भारी जुळवलंत. आपल्याकडच्या रॅपमधेही पाप-पुण्य आलंय की. अंधेरीचा डिव्हाईन घरचा कॅथलिक, त्याच्या २०२० च्या अल्बमचं नावच 'पुण्य पाप'.

बिनसाखरेचा चहा
मी सहसा लिहीत नाही. नऊ वर्षं झाली शेवटचा ग्लास ठेवून. आठवड्यातून दोनदा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या (दारू सोडणाऱ्यांच्या) मीटिंगला जातो, लातूर भागात. कुठं ते सांगणार नाही, आमचा नियम आहे.

आमच्या मीटिंगमधे उठून काय म्हणतात ठाऊक आहे? "माझं नाव अमुक, मी बेवडा आहे." आहे. नऊ वर्षांनंतरही आहे. "होतो" म्हणालं की शेजारचा जुना माणूस नुसता बघतो. पहिल्या वर्षी मला ह्या शब्दाचा राग यायचा. बायकोला म्हणायचो, सोडली तरी शिवी जाईना. मग एकदा भाचीच्या लग्नात पंगतीमागं कोपऱ्यात ग्लास दिसले आणि माझे पाय त्या बाजूला चार पावलं गेले. मी नेले नव्हते. तेव्हा कळलं, तो शब्द कशासाठी आहे.

ही चळवळ निघाली १९३५ मधे, अमेरिकेत ओहायोच्या अ‍ॅक्रन गावी, एक शेअर दलाल आणि एक सर्जन ह्या दोन बेवड्यांपासून. दोघेही ऑक्सफर्ड ग्रुप नावाच्या ख्रिस्ती मंडळींत जाणारे. म्हणजे मूळ तिथलंच. पण दारू सोडायच्या बारा पायऱ्या लिहिताना त्यांनी शहाणपणा केला, ईश्वर म्हटलं आणि पुढं जोडलं, "आम्हाला जसा उमगला तसा". म्हणून आमच्या खोलीत माळकरी आहे, नमाजी आहे, बुद्धविहारात जाणारा आहे आणि काहीच न मानणारा एक मास्तर आहे. तो म्हणतो, माझा ईश्वर म्हणजे तुम्ही सगळे, देवा रे देवा.

भाच्याची चौथी ओळ वाचली. "इथंच बस तू." ती काढू नका. पहिली तिन्ही काढली तरी चालतील.

रात्रपाळी डॉक्टर
गाण्यातलं मला कळत नाही. दोन गोष्टी मात्र लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण हा धागा कुणीतरी घरचं पेशंट समोर ठेवून वाचत असेल.

एक, रोज भरपूर पिणाऱ्याला शपथ घालून, माळ घालून किंवा प्रार्थना करून घरच्या घरी एका दिवसात बंद करायला लावू नका. हात थरथरणं, घाम ही सुरुवात असते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत भ्रम होतो, भिंतीवर किडे दिसतात, माणूस कुणाला ओळखत नाही, ह्यात जीव जातो. लोक म्हणतात "बाहेरचं झालं" आणि दवाखान्याऐवजी भलतीकडं नेतात. दाखल करून गोळ्या आणि बी-१ जीवनसत्त्व दिलं तर बहुतेक माणसं सुखरूप निघतात. बटनच्या गोळ्यांचंही तसंच, एकदम तोडल्या तर फिट येते.

दोन, एसटी स्टँडच्या भिंतीवर "दारू न सांगता सोडवा" लिहिलेलं असतं, ते विसरा. डायसल्फिरम नावाची गोळी खरी आहे, पण ती पेशंटला सांगून, तपासणी करून देतात. वरणात चोरून घातली आणि तो बाहेर पिऊन आला तर रक्तदाब कोसळतो. माझ्या हातात अशी एक केस गेली आहे. बायको दारात उभी होती आणि तिला वाटत होतं आपण त्याचं भलं केलं.

सरकारची मोफत हेल्पलाईन आहे, १४४४६.

कोयता नाही पेन
सगळं वाचलं. सगळे चौथ्या ओळीच्या प्रेमात पडलेत, म्हणून वाईट मीच व्हते.

मी बीडकडची. आई-बाप ऊसतोडीला जायचे. उचल बापाच्या हातात यायची आणि फडावर पोचायच्या आत अर्धी संपलेली असायची. फेडायची दोघांनी. माझा प्रश्न साधा आहे: पिणाऱ्याच्या मनात काय चाललंय ह्याची गाणी, भारुडं, साक्षी किती ऐकायच्या? पितानाही तोच मधोमध आणि सोडतानाही तोच मधोमध. त्या चार ओळीत आई आहे, पण ती काय म्हणते तर "सुटलास तू". भिशीचे पैसे गेलेली बाई एवढंच म्हणत असेल? वहीच्या शंभर पानांत तुमची ताई किती पानांवर आहे, तेवढं बघून सांगा.

आमच्या गावात बायकांनी आडव्या बाटलीचं मतदान मागितलं. गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद होतं, असा नियम आहे. त्या दिवशी माझी आई सकाळी सहालाच रांगेत उभी होती. तिच्यावर कुणी रॅप केलं नाही.

बूमबॅप भौ
@कोयता नाही पेन, मान्य. पण एनएफचं ते गाणं पिणाऱ्याचं नाहीच, ते मागं राहिलेल्या लेकराचं आहे. तुम्ही म्हणता त्या बाजूचं. त्यासाठीच ते वेगळं.

कोयता नाही पेन
मग भाच्यानं तेवढंच का नाही उचललं?

भरारी पथक
शांतता, शांतता. एक बाळबोध शंका. चर्चमधे त्या प्याल्यात वाईन देतात ना? मग सुटलेल्या माणसानं काय करायचं?

मोसंबीवाला
@भरारी पथक, शंका बाळबोध नाही. आमच्याकडं वाईन नसतेच. काळ्या मनुका आदल्या रात्री भिजत घालतात, सकाळी उकळून, कुस्करून, पंचाच्या स्वच्छ फडक्यातून गाळतात. ते काम माझ्या आईकडं होतं, आता ताईकडं आहे. तरी केंद्रातून आल्यावर पहिल्या प्रभुभोजनाला (चर्चमधे भाकर आणि प्याला घेतात तो विधी) भाच्यानं प्याला नाकाजवळ नेला आणि थांबला. मग माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली, तेव्हा घेतला.

@कोयता नाही पेन, तुमचा प्रतिसाद त्याला वाचून दाखवला. दोन दिवस बोलला नाही. वही कुठं ठेवलीय तेही माहीत नाही.

पाळकांची लेक
मनुकांवरून आठवलं, ह्या प्याल्यापायी एक अख्खा धंदा उभा राहिलाय. १८६९ मधे अमेरिकेत थॉमस वेल्च नावाच्या दाताच्या डॉक्टरला चर्चसाठी न आंबणारा द्राक्षरस हवा होता. त्यानं पाश्चरची युक्ती वापरून बाटल्या गरम केल्या. आजचा बाटलीबंद द्राक्षरस तिथून आला. माणूस मेथडिस्ट पंथाचा, दारूच्या कडक विरोधातला.

पेटीमास्तर
सर्वांना सलाम. वय वर्षे अठ्याहत्तर, नातू टाईप करून देतो आहे, चुका त्याच्या.

मी पन्नास वर्षे मंडळीत पेटी वाजवली. मूळ प्रश्नाकडे कोणी येत नाही म्हणून लिहितो.

पंचांचे म्हणणे, साक्षीचा शेवट गोड असावा. शास्त्रात, म्हणजे बायबलात, तसे नाही. स्तोत्रसंहितेतले ८८वे स्तोत्र काढा. सुरुवातीला देवाला हाक आहे, शेवटी अंधार आहे, मध्ये कोठेही सुटका नाही. तरी ते स्तोत्रच आहे, कोणी काढून टाकले नाही. रोमकरांस पत्राचा ७वा अध्याय काढा. पौल म्हणतो, जे चांगले करावेसे वाटते ते होत नाही, नको तेच हातून होते. तो भाग त्याने वर्तमानकाळात लिहिला आहे. वर नऊ वर्षेवाल्या गृहस्थांनी 'आहे' आणि 'होतो' याचा जो फरक सांगितला तोच हा.

दुसरे, चालीविषयी. आमच्या मंडळ्यांत पूर्वी इंग्रजी चालींवर भाषांतरित गीते चालत. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनी अभंग, ओवी, भजन ह्या घरच्या वळणाने लिहिले, म्हणून आज आमच्या बायका दळताना ती म्हणत आल्या. आता मुलाला हे रॅप जवळचे वाटत असेल तर वाटू द्यावे.

तिसरे. दुसऱ्या ओळीत 'पत्र्याच्या खोपट्याकडं' येथे ठेका अडखळतो. म्हणून पाहिले, दोनदा अडलो. 'पत्र्याच्या' काढून दोन अक्षरांचा शब्द घालावा.

भरारी पथक
मास्तरांनी रॅपची मात्रा मोजली. धागा सार्थकी लागला. आता वाचनखूण साठवतो.

नाथषष्ठी
"निळ्या खोपट्याकडं" बसतंय बघा. आमच्याकडचं खोपटं निळ्या ताडपत्रीचंच होतं.

बूमबॅप भौ
मास्तर, रॅपमधे मुद्दाम अडवतात हो. अडखळलं की कान टवकारतो.

पेटीमास्तर
मुद्दाम अडवलेले आणि चुकून अडलेले यातला फरक ऐकू येतो. (नातू म्हणतो, आजोबांनी हे हसत सांगितले असे लिही.)

मोसंबीवाला
पाच आठवड्यांनी लिहितोय. काहींनी निरोप पाठवले, उत्तर दिलं नाही, माफ करा.

तरुणांचा रविवार झाला, भाचा आला नाही. आदल्या मंगळवारी रात्री घरी आला तो पिऊन. कुठं, किती, कुणाबरोबर, काही विचारलं नाही. ताईनं डॉक्टरांचं वरचं मला मोठ्यानं वाचायला लावलं आणि आम्ही रात्रीच जालन्याला नेऊन दाखल केलं. चार दिवसांनी घरी आणला. आता दिवस परत एकपासून मोजायलाय.

चर्चमधे सेक्रेटरी भेटले. मला वाटलं "बघा, सांगितलं नव्हतं?" म्हणतील. त्यांनी नुसतं विचारलं, "त्या ओळी आहेत का अजून?" मी हो म्हणलं. ते म्हणाले, "माझाही भाऊ होता." एवढं बोलून सतरंज्या उचलायला गेले. वीस वर्षं ओळखतो त्यांना, हा भाऊ मला माहीत नव्हता.

मग बिनसाखरेचा चहा यांनी खाजगी निरोपात आमच्या भागातली एक मीटिंग सांगितली. शाळेच्या खोलीत भरते. आत फक्त पिणाऱ्यांनाच जाता येतं, मी बाहेर गाडीपाशी. उंबऱ्याजवळ चपला मोजल्या, अकरा जोड. तासाभरानं आतून बाकावर बोटांनी ठेका धरल्याचा आवाज आला, मग त्याचा आवाज. बीट नाही, काही नाही. तिसऱ्या ओळीवर थांबला. मला वाटलं विसरला. आतून कोणीतरी म्हातारं म्हणालं, "सावकाश." मग एक ओळ आली ती मी आधी ऐकलेली नव्हती. "आई म्हणते सुटलास तू" च्या जागी तो म्हणला,

आई काहीच म्हणत नाही, भिशीची चिठ्ठी घडी करते

यमक जुळत नाही, मला माहीत आहे. @कोयता नाही पेन, तुमच्यासाठी लिहिलं.

आज एकोणीस.

कोयता नाही पेन
वाचलं. ताईंना माझा नमस्कार सांगा.

बिनसाखरेचा चहा
एकोणीस लई झाले. माझे पहिल्यांदा अकरावर मोडले होते.

पेटीमास्तर
यमक नाही, पण मात्रा बरोबर आहेत. 'घडी करते' ला थोडे थांबून पुढची ओळ घ्यावी. पुढची ओळ काय आहे?

मोसंबीवाला
मास्तर, पुढची अजून लिहिली नाही म्हणतो. आणि तो विचारायलाय, भरारी पथक हे नाव कुणी घेतलेलं आहे का? त्याला रॅपसाठी पाहिजे.

भरारी पथक
घेतलेलं आहे. पण देतो. बदल्यात एक क्रेट मोसंबी, आणि वरची ओळ पुरी झाली की आधी इथं टाकायची.